डबमध्ये भरलेली शांतता

"ताई, ही ॲनिमे मालिका इंग्रजी डबमध्ये नको, मूळ जपानीत बघ," धाकट्या बहिणीने बजावलं होतं.

"मांडीवर बाळ असताना सबटायटल काय तिसऱ्या डोळ्याने वाचू?" म्हणत ताईने ते उडवून लावलं.

आज बाळ झोपल्यावर तिने डबमध्ये पाहिलेलाच एक भाग पुन्हा जपानीत लावला. डबमधली नायिका आईला "मी मजेत आहे" सांगून लगेच खिदळते. इथे ती तेवढंच बोलून कितीतरी वेळ गप्प राहिली.

ताईला आठवलं. परगावी एकटी राहणारी बहीणही परवा फोनवर "मजेत आहे" म्हणून अशीच थांबली होती, आणि ताईने बाळाचं कौतुक सुरू केलं होतं.

तिने फोन लावला. "खरं सांग, कशी आहेस?"

बऱ्याच वेळाने हुंदका ऐकू आला.

तुमचंही कुणी असं "मजेत" असेल, तर आजच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.