फॉरमॅट करायचं का?

आमच्या घरात कॉम्प्युटर एक आणि संसार दोन. चालू केला की आधी विचारतो, विंडोज की लिनक्स? विंडोज माझं, ऑफिसच्या कामाला. लिनक्स बायकोचं, नाटक लिहायला. ते तिला बसवून दिलं तिच्या कॉलेजातल्या मित्राने. मी त्याला पेंग्विन म्हणतो, कारण त्याच्या लॅपटॉपवर तसलं चित्र आहे आणि चालतोही तो तसाच.

नाटकासाठी कुलूपबंद पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा, तोही त्यानेच करून दिला. पासवर्ड घातल्याशिवाय उघडतच नाही. चार वर्षं ती त्यात लिहीत होती, आणि प्रत्येक प्रवेश पेंग्विनला फोनवर वाचून दाखवत होती. मला? मला म्हणे, पूर्ण झाल्यावर. खोटं कशाला बोलू, जळफळाट व्हायचा नुसता.

माझ्या विंडोजला ते पार्टिशन ओळखताच यायचं नाही. अधूनमधून विचारायचं, ही डिस्क वापरायला आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? तिने बजावून ठेवलं होतं, कायम 'नाही' म्हणायचं. शनिवारी दुपारी ती शेजारच्या खोलीत त्याच्याशी फोनवर खिदळत होती आणि मी 'हो' म्हटलं. सगळं पुसलं जाईल, चालेल का, असंही विचारलं विंडोजने. तरी 'हो'च म्हटलं.

झालं. मग उठून तिच्याकडे गेलो. चुकून झालं म्हणून तिला सांगितलं, तर ती रडली नाही की भांडली नाही. एक प्रत पेंग्विनकडे होती. त्याला फोन मात्र मलाच करायला लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तासाभरात तो एक छोटी डिस्क घेऊन आला आणि माझ्याच खुर्चीत बसला. लिनक्स चालू करून काळ्या पडद्यावर काहीबाही टाइप करत म्हणाला, ही प्रतही कुलूपबंदच आहे; कुलूप निघालं की माउंट करायची, मग फोल्डर दिसतात. एवढे दिवस स्वतःच्या घरात असून त्याने ती एकदाही उघडली नव्हती. पासवर्ड त्याला ठाऊकच नव्हता. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

पडद्याने पासवर्ड मागितला तसा तो उठला आणि कुणी न सांगता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ती बसली. मी तिच्या खांद्यापाशीच होतो. आजवर ती माझ्यादेखत बिनधास्त पासवर्ड घालत आली होती. मीच कधी लक्ष दिलं नव्हतं.

कीबोर्डवर बोटं ठेवून ती थांबली.

"तूही तिकडे बघ," म्हणाली.