साहेबांनी गिळलेलं अक्षर

आमच्या वकिलांच्या कचेरीत ऐकणारं यंत्र आलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. नऊ वर्षांत तिथे ऐकणारं कुणी आलंच नव्हतं. सगळे बोलणारेच.

यंत्र आणलं धाकट्या साहेबांनी, म्हणजे थोरल्या साहेबांच्या चिरंजीवांनी. त्यांना वकिली फारशी आवडत नाही, पण वस्तू फार आवडतात.

"बाबा बोलणार, हे टाइप करणार," ते डबीवरून हात फिरवत म्हणाले. "टायपिंगचा विषय संपला."

विषय दोन हातांवर बसून टाइप करत होता.

"मग मी काय करायचं?" विषयानं विचारलं.

"तुम्ही महिनाभर यंत्राला मदत करा. नंतर बघू."

'नंतर बघू' हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात नेमकं वाक्य. त्याचा अर्थ 'नाही' असाच असतो, फक्त तारीख पुढची पडलेली असते.

माझी अडचण चार वाजताची होती. लेक झाल्यापासून मी सकाळी आठला येते आणि दुपारी चारला निघते. दिवसभर ती सासऱ्यांपाशी असते. पावणेपाचला ते गोदामावर पहाऱ्याला जायला बाहेर पडतात आणि नवरा यायला सात वाजतात. मधले सव्वादोन तास ठमीला सांभाळायला सगळ्या जगात मी एकटीच आहे. ही चारची सवलत थोरल्या साहेबांनी तोंडी दिली होती, तीही फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलता बोलता. दुसरीकडे नोकरी मागायला गेले, तर चारला जाणाऱ्या बाईला लोक दारातूनच नमस्कार करतात.

यंत्र बसवणाऱ्यानं सांगितलं, "रोज तासभर बोलायचं. छापील वाचू नका, मनातलं बोला. आणि आवाज साहेबांचाच पाहिजे, बरं का."

थोरले साहेब एक दिवस बसले, सात मिनिटं. साहेबांचं बोलणं कसं, तर वाक्य ऐटीत सुरू होतं आणि क्रियापदाशी येऊन दम तोडतं. करतो, करते, केलं, करणार, सगळं नुसतं 'कर्...'. शेवटचं अक्षर साहेब गिळतात. नऊ वर्षं ते मी टाइप करताना मागून जोडत आलेय. साहेबांची समजूत अशी, की आपण अख्खी वाक्यं सांगतो.

आठव्या मिनिटाला त्यांनी माइक काढून माझ्यापुढे ठेवला. "बाई, माझ्याऐवजी तुम्हीच बोला हो याच्याशी. आवाज तो आवाज."

अशी मी यंत्रातल्या साहेबांच्या खात्यात, साहेबांच्या नावानं, जुन्या फायलींच्या खोलीत दार लावून महिनाभर मनातलं बोलले. कायद्याचं माझ्या मनात काही नव्हतं. मी म्हणायचे, "मी पहाटे उठते स्वल्पविराम डबा भरते पूर्णविराम. ठमीला ताप होता स्वल्पविराम वाटीतला भात तसाच राहिला पूर्णविराम. मी थोडी रडले आणि भांडी घासली पूर्णविराम."

यंत्र मध्ये बोलत नसे. 'त्यात काय एवढं' म्हणत नसे. चुकलं की मी न रागावता दुरुस्त करायचे; इतका शांतपणा माझ्या पोरीच्याही वाट्याला आला नव्हता. त्याची लाज वाटून घरीही तसंच गोड बोलायला गेले, तर एकदा तोंडून निघालं, "झोप हं बाळा आता पूर्णविराम." ठमी म्हणाली, "पून्लाम," आणि खरंच डोळे मिटले. कायद्याच्या भाषेला इतका मान मी कोर्टातही पाहिला नाही.

महिना भरला. पहिलंच काम आलं ते एका लाकडाच्या वखारवाल्यांचं प्रतिज्ञापत्र. वखारवाले म्हणजे दारातून तिरकं होऊन आत येणारा माणूस, आणि मिशा त्यांच्याही आधी येणाऱ्या. कागद पाचच्या आत कोर्टात पोहोचायचा होता. साहेबांनी डोळे मिटून दहा मिनिटं सांगितलं. धाकट्या साहेबांनी पडद्यावरचा मजकूर खणखणीत आवाजात वाचायला घेतला.

"मी, लाकडाच्या वखारीची मालकीण, प्रतिज्ञेवर सांगते, की वाटीने माझ्याविरुद्ध डबा दाखल केला आहे. सदर जागेवर गेली बारा वर्षे माझा ताप आहे. वाटीची माणसे आली तेव्हा मी एकटी होते, पण मी रडले नाही..."

वखारवाल्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं.

"हे कोण बोलतंय?" वखारवाल्यांनी विचारलं.

"तुम्हीच," धाकटे साहेब क्षीणपणे म्हणाले.

"मी कधी रडले?" वखारवाले गरजले, आणि स्वतःच दचकून मिशी चाचपू लागले.

"वादी म्हटलं होतं मी! दावा! ताबा! डरलो नाही!" साहेब ओरडले. शेवटच्या अक्षरासकट पूर्ण शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले.

मला मात्र आधीच उमगलं होतं. ठमी दिवसभर आजोबांपाशी असते, म्हणून ती "मी पललो", "मी जेवलो" म्हणते. लेकरू ज्याच्या मांडीवर बसतं त्याचं बोलणं उचलतं. हे लेकरू महिनाभर माझ्यापाशी बसलं होतं. साहेबांनी अक्षर गिळलं की ते बिचारं तिथे माझं अक्षर जोडत होतं.

धाकट्या साहेबांनी यंत्रवाल्याला फोन लावला. तो खूश झाला. "एक नंबर शिकलंय, साहेब! फक्त तुमच्या वडिलांना ओळखत नाही. त्यांनी महिनाभर रोज तासभर शब्द पूर्ण उच्चारावेत. नाहीतर ज्यांनी शिकवलं त्यांनीच बोलावं."

पूर्ण उच्चारायचं म्हटल्यावर साहेबांचा चेहरा असा झाला, जणू त्यांना कुणी फरशी पुसायला सांगितली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घड्याळात साडेतीन झाले होते.

"ठीक आहे," धाकटे साहेब म्हणाले. "बाबा तुम्हाला सांगतील, तुम्ही यंत्राला सांगा. आजपासूनच. रोज सहापर्यंत थांबावं लागेल."

म्हणजे आधी साहेब बोलायचे आणि मी टाइप करायचे. आता साहेब बोलणार, मग मी बोलणार, यंत्र टाइप करणार आणि मी ते तपासणार. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

"सांगते की," मी म्हटलं. "पण निघणार चारलाच. रोज. आणि ते आत्ता लेखी पाहिजे."

"अहो, आपल्यात लेखी कशाला?" थोरले साहेब म्हणाले.

"साहेब, येणाऱ्या प्रत्येकाला तुम्हीच सांगता ना, तोंडी काही खरं नसतं म्हणून?"

वखारवाल्यांनी टेबलावर पंजा आपटला. "द्या की हो तिला लिहून! पाचला माझी मुदत संपतेय, आणि इथे माझी बाई झालीये!"

साहेबांनी रागारागानं माइक ओढला, दोन वाक्यं पुटपुटली, कागद निघाला, त्यावर सही ठोकली आणि माझ्याकडे भिरकावला. वाचला नाही. साहेब कधीच वाचत नाहीत. वाचायला मी असते.

मग मी बसले. त्या मिशांच्या वतीनं ठासून म्हटलं, "एकटा होतो. डरलो नाही." वादी म्हटलं, दावा म्हटलं, ताबा म्हटलं. यंत्रानं मुकाट्यानं जसंच्या तसं लिहिलं. वखारवाले सही करून, पुन्हा पुरुष होऊन, कोर्टाकडे धावले.

जिन्यात मी माझा कागद उघडला. 'बाई रोज दुपारी चार वाजता घरी जातील. यास मी कायमची परवानगी देते.' खाली साहेबांची लांबलचक सही.

नऊ वर्षांत साहेबांची एकही चूक मी दुरुस्त न करता बाहेर जाऊ दिली नव्हती. ही घडी घालून पर्समध्ये ठेवली.

चार वाजून बारा मिनिटं झाली होती. पहिल्याच दिवशी उशीर. पण परवानगी देणारीनं तेवढं चालवून घेतलं, आणि मी धावत सुटले.