सातव्या डावातला पिचर

विल्मा टेशने यादी करायला घेतली ती हार्लन ड्रोस्टमुळेच. त्या वर्षी ओरिन राडमाकर हा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू फेकणारा, हॉल ऑफ फेमच्या मानकऱ्यांत गेला आणि सगळं टोरन्स फेरी गाव आठवडाभर दुसरं काही बोललं नाही. कारण राडमाकरला ज्यांनी ज्यांनी होम रन मारला त्यांत आपला हार्लन होता. मोठ्या लीगमध्ये तो जेमतेम एकोणीस सामने खेळला. चेंडू कुंपणापलीकडे गेला तो एकदाच, पण तो राडमाकरचा. विल्मा तेव्हा गावच्या ग्रंथालयात होती. तिने दर्शनी कपाटात मांडायला एक कार्ड लिहिलं. मग वाटलं, असे आणखी किती असतील? हॉल ऑफ फेममधल्या पिचरांना होम रन मारलेले, आणि त्यातही आयुष्यात एकच मारलेले?

कपाटातलं प्रदर्शन महिन्याने उतरलं, पण यादीने मात्र विल्माचा हात धरला तो सोडलाच नाही. लग्न तिने केलं नव्हतं, आई गेल्यावर घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं. गावोगावच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म मागवायच्या, यंत्राखाली सरकवत डोळे फुटेस्तोवर वाचायच्या आणि एकेक होम रन कार्डावर उतरवायचा, असं तिचं एकोणीस वर्षं चाललं. बुटांच्या खोक्यांत कार्डं मावेनाशी झाली. निवृत्त झाली त्याच्या पुढच्या वर्षी आकडेवारीच्या वेड्यांच्या एका मंडळाने तिला लिहिलं, की एकुलत्या एक होम रनवाल्यांची तुमची यादी आम्ही पुस्तिका म्हणून छापतो. फक्त प्रत्येक नाव एकदा पडताळून द्या.

तिने चाळीस नावं पडताळली. हार्लनचं राहिलं होतं. खरं तर ते पडताळावं असं तिच्या मनातही नव्हतं. सूर्य कुठे उगवतो हे कोणी पडताळतं का? पण नियम म्हणजे नियम, म्हणून तिने शिकागोच्या एका वर्तमानपत्राची फिल्म मागवली, सप्टेंबर एकसष्टची.

राडमाकर सहा डाव खेळला होता. बोटाला फोड आला म्हणून सातव्याला तो उतरलाच नाही. त्याच्या जागी लू फेनिक नावाचा कोणी आला. ड्रोस्टचा होम रन सातव्या डावातला होता.

विल्माने दुसरं वर्तमानपत्र मागवलं. मग लीगच्या कचेरीतून अधिकृत नोंदीची प्रत मागवली. तिन्हीकडे फेनिकच. शेवटी तिने गावच्या वर्तमानपत्राचा सामन्यानंतरचा अंक काढला, तेव्हा उलगडा झाला. पराभव राडमाकरच्या नावावर लागला होता, तेवढं वाचून इथल्या वार्ताहराने ठोकून दिलं होतं: आपल्या हार्लनने राडमाकरचा चेंडू भिरकावला.

मंगळवारी सकाळी ती हार्लनच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. तो बिजागऱ्या आकाराप्रमाणे लावत बसला होता. शाळेत तो तिच्या दोन वर्ग पुढे होता. तेव्हापासूनची ओळख, त्यामुळे आडवळणाने बोलणं दोघांनाही जमण्यासारखं नव्हतं. तिने कागद काउंटरवर ठेवला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद मात्र वाचला नाही.

"फेनिक," तो म्हणाला. "उंच होता. डावखुरा."

"तू कधी सांगितलं नाहीस?"

"मोसम संपवून स्टेशनवर उतरलो तर बँड वाजत होता, विल्मा. बाप सगळ्यांच्या पुढे. पॉटरीतून, भांड्यांच्या कारखान्यातून, तसाच आलेला, मातीने माखलेल्या एप्रनमध्ये. सगळ्यांना सांगतोय, माझ्या पोराने राडमाकरला मारला. तिथे मी काय म्हणणार होतो, की बाबा, तो दुसराच होता? म्हटलं घरी गेल्यावर सांगू. घरी पाहुणे. म्हटलं उद्या सांगू." त्याने एक बिजागरी उघडली, मिटली. "मी स्वतःच्या तोंडाने राडमाकर कधी म्हणालो नाही. आठवून बघ. लोक म्हणायचे, मी ऐकून घ्यायचो."

विल्माने आठवून पाहिलं. खरंच होतं ते. मग राडमाकर हॉल ऑफ फेममध्ये गेला, शाळेच्या मैदानाला ड्रोस्टचं नाव मिळालं, आणि गप्प बसणंही महाग होऊन बसलं.

मॅव्हिसला यातलं काही माहीत नाही, असं तो हळूच म्हणाला. मॅव्हिस त्याची बायको. लग्न एकसष्टच्याच हिवाळ्यातलं. नाव यादीत राहू दे असं त्याने म्हटलं नाही, पण तो कशाची वाट पाहतोय ते विल्माला कळत होतं. तिने सांगितलं की यादीत चूक ठेवणं आपल्याच्याने व्हायचं नाही. मात्र नाव आपण गुपचूप काढू, कारण देणार नाही, आणि ती पुस्तिका इथे वाचतंय कोण?

"नाही, चूक नको ठेवूस," हार्लन म्हणाला आणि पुन्हा बिजागऱ्यांकडे वळला.

पुस्तिका मार्चमध्ये निघाली. वाचणारा एक निघालाच. माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये दर वर्षी मोसम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी दुपारी बेसबॉलच्या प्रश्नांची स्पर्धा व्हायची. प्रश्न विचारायचा मान गस ओकलीचा. पोस्टातून निवृत्त झालेला, मोठ्या गळ्याचा, मनाने निर्मळ माणूस. त्याने पुस्तिका टपालाने मागवली, कोणाला बोलला नाही, आणि शेवटचा प्रश्न म्हणून ती खिशातून काढली. हार्लनला उभं करून टाळ्या वाजवायच्या असा त्याचा बेत होता. न बघताच वाचतो म्हणाला, म्हणजे मलाही मजा येईल.

तो इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने लावलेली नावं वाचू लागला. प्रत्येक नावाला लोक टेबलं वाजवत होते. डोरान झाला. आता ड्रोस्ट यायला हवा होता, पण पुढचं नाव एबरली निघालं. गस थांबला, पान उलटलं, परत मागे आला, आणि हसला.

"विल्मा, अगं बाई, सगळ्या देशाची माणसं गोळा केलीस आणि घरचाच गाळलास की! छापखान्याची चूक ना?"

हॉलमध्ये ऐंशीएक माणसं होती. सगळ्यांच्या माना वळल्या. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. पुढे आयुष्यभर विल्मा त्या एका क्षणाकडे परत परत जात राहिली. हार्लन तिच्याकडे बघत नव्हता. समोरच्या ताटलीतल्या ॲपल-पायच्या तुकड्याकडे बघत होता. मॅव्हिस मात्र तिच्याकडेच बघत होती, अगदी शांतपणे.

"चूक नाही," विल्मा म्हणाली. "राडमाकर सहाव्यानंतर उतरलाच नव्हता. तो दुसरा पिचर होता."

ती हळूच बोलली होती, पण तेवढ्या शांततेत ते शेवटच्या टेबलापर्यंत पोचलं. कोणीतरी काय बरळतेस म्हणून उठलं. तेव्हा हार्लन उभा राहिला. म्हणाला, तिचं बरोबर आहे. मग त्याने मॅव्हिसचा कोट तिच्या खांद्यावर घातला, स्वतःची टोपी घेतली आणि दोघं बाजूच्या दाराने गेली.

आधी गावाने विल्माला फाडून खाल्लं. चर्चमध्ये तिच्या बाकावर कोणी बसेना. पण राग फार दिवस टिकत नाही, थट्टा टिकते. एप्रिल सरेपर्यंत जिभा हार्लनकडे वळल्या. गिऱ्हाईक विचारी, हे स्क्रू खरंच दोन इंची आहेत की पेपरात तसं छापलंय? सुरुवातीला तो सगळ्यांच्या आधी हसायचा. मे महिन्यात शाळेच्या पहिल्या सामन्याला पहिला चेंडू टाकायला त्याला दर वर्षीसारखं बोलावणं आलं नाही. मैदानाचं नाव कोणी काढलं नाही, पण लोक आपोआप 'शाळेचं मैदान' म्हणू लागले. सप्टेंबरमध्ये दुकानाच्या काचेवर 'बंद' अशी पाटी लागली ती मग उतरली नाही.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी मॅव्हिस विल्माच्या घरी आली. आत ये म्हटलं तर आली नाही. पायऱ्यांवरच बसली. आम्ही ॲरिझोनाला मुलीकडे चाललोय, घर विकायला काढलंय, असं सांगितलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

विल्माला आधी कळेना, काय माहीत होतं.

"त्या दिवशी रेडिओ ऐकत होते मी. आईच्या स्वयंपाकघरात, बटाटे सोलत. पिचर बदलला, नाव सांगितलं, फेनिक. मग हार्लनचा चेंडू गेला. मी सुरी टाकून नाचले. तो आला तेव्हा सगळे राडमाकर राडमाकर करत होते. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला होता, की मला काही बोलवेना."

"पस्तीस वर्षं?"

"त्याला वाटायचं मला माहीत नाही. तेवढं एक सांभाळायला तो माझ्याशी इतका जपून वागायचा, विल्मा. मीही जपायचे. आमचं चांगलं चाललं होतं. हॉलमधून घरी गेल्यावर मी त्याला सांगून टाकलं, की मला पहिल्यापासून ठाऊक होतं. वाटलं त्याला हलकं वाटेल. तेच सांगायला नको होतं. आता तो माझ्यासमोर जेवत नाही. ताटली घेऊन गॅरेजमध्ये जातो."

विल्माने माफी मागितली. शब्द तिला स्वतःलाच खोटे वाटले.

"तू खरं बोललीस," मॅव्हिस म्हणाली. "त्यामुळे तुझ्यावर धड रागावताही येत नाही." ती उठली. जाताना म्हणाली, जमलं तर त्याला भेटून घे, इतर कोणी येत नाही.

विल्माला तीन दिवस धीर झाला नाही. चौथ्या दिवशी ती गेली. हार्लन गॅरेजमध्ये दुकानातल्या उरलेल्या मालाच्या पेट्या बांधत होता. उन्हाळ्याभरात म्हातारा दिसू लागला होता. त्याने तिला बसायला पेटी सरकवली, कुरकुर केली नाही. तिने फेनिकबद्दल सांगितलं: तीन मोसम खेळला, मग टोलीडोला बस चालवायचा, सत्त्याऐंशीत वारला. मुलं नव्हती.

"एखादं पत्र टाकावं असं बरेचदा मनात यायचं," हार्लन म्हणाला. "काय लिहिणार पण."

मग विल्माने तो प्रश्न विचारला, जो इतक्या वर्षांत तिला विचारावासा वाटला नव्हता. "खरा कसा होता तो? फेनिकचा चेंडू?"

हार्लनने दोरीची गाठ अर्धी सोडली. डोळे मिटले. बाहेर रस्त्यावरून पाचला सुटलेल्या शिफ्टची माणसं घरी चालली होती, त्यांचे आवाज येत होते.

"राडमाकरने त्या दिवशी मला दोनदा बाद केलं होतं," तो म्हणाला. "तो आठवतो. त्याचा पाय उचलणं, टोपी ओढणं, सगळं. फेनिक…" त्याने डोळे उघडले. "नाही गं येत डोळ्यांपुढे. बॅट लागल्याचं हाताला आठवतं. पण समोर बघतो तर राडमाकरच उभा असतो. लोकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की माझा होता तो फेनिकही गेला."

विल्माने दोरीचं दुसरं टोक धरलं. त्याने गाठ मारली. दोघांनी मिळून अंधार पडायच्या आत आणखी सहा पेट्या बांधल्या. पुढच्या शनिवारी मालाचा ट्रक आला. मॅव्हिसने गाडीतून हात केला. हार्लन गाडी चालवत होता, त्याचं लक्ष रस्त्याकडे होतं.

फेब्रुवारीत विल्माला त्यांच्या मुलीचं पत्र आलं, दोन ओळींचं. बाबा गेले, झोपेत गेले, आई ठीक आहे.