गरम असेल तरच

"हे नको मला," पेलेनिसे वहिनी म्हणाली. "तूच खा ना, आत्या."

एका दमात दोन गुन्हे झाले होते. रविवारच्या जेवणाचा पहिला वाडगा मासिना आत्याने स्वतःच्या हाताने तिच्यासमोर ठेवला होता, तो तिने परत सरकवला. आणि सगळ्यांदेखत आत्याला 'तू' म्हणाली. वहिनी ऑकलंडमध्ये जन्मलेली, तिथेच वाढलेली. आमची सामोअन भाषा ती नुसती घरात ऐकून शिकली होती. मोठ्यांशी बोलायचे शब्द निराळे असतात हे तिला ठाऊक होतं, पण मनावर दडपण आलं की ते नेमके जिभेवर येत नसत.

वाडग्यात ओका होता. टूना मासा, लिंबाच्या रसात मुरवलेला, वर नारळाचं घट्ट दूध, कांदा आणि मिरची. विस्तव न दाखवलेला. रविवारी आमच्याकडे होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून आत्याने शनिवारीच मासा आणवून रात्रभर बर्फात ठेवला होता. माझा भाऊ लाफाएले किती वर्षांनी सुट्टीला घरी आला होता, आणि येताना बायकोच्या पोटात पाचवा महिना घेऊन आला होता. आत्याने आम्हा दोघांना आईच्या माघारी वाढवलं. तिच्या दृष्टीने तो वाडगा म्हणजे साधं जेवण नव्हतं.

"का गं, वास येतो?" आत्याने विचारलं.

"नाही, नाही. छान आहे. मी पालुसामी खाते ना." वहिनीने समोरचं टारोच्या, अळूसारख्या पानांचं पुडकं बोटाने चाचपलं, आणि तेही बाजूला ठेवलं. ते निवलं होतं.

आत्याने वाडगा उचलून पलीकडे बसलेल्या काकांपुढे ठेवला आणि पुढचं सगळं जेवण ती गप्प राहिली. आमच्या घराला भिंती नाहीत, चारी बाजूंनी खांबच आहेत. गप्प बसलेलं माणूस रस्त्यावरूनसुद्धा दिसतं.

वहिनी खात नव्हती असं नाही. उलट भरपूर खायची. पण कधी आणि कुठे, याचे तिचे नियम होते. उमूचे, म्हणजे आमच्या दगडांच्या भट्टीचे, तापलेले दगड बाजूला करून वाफाळती पानं उघडली की पहिली तीच हजर. तिथेच उभ्याउभ्या, बोटं भाजत, फुंकर मारत पालुसामीची दोन-दोन पुडकी संपवायची. टारोचा कंद कढईतून काढला की ताटलीत पडायच्या आत तिच्या हातात. शहाळं तिच्यासमोर फोडलं तर पिणार, केळं स्वतः सोलून खाणार, पपई स्वतः कापणार. पिण्याचं पाणी मात्र बरोबर आणलेल्या छोट्या किटलीत खळखळून उकळायची, गार करायची आणि तीच बाटली दिवसभर काखेत घेऊन फिरायची. बर्फ नको. बीट घातलेली बटाट्याची गार कोशिंबीर नको. डबाबंद मांससुद्धा तव्यावर चरचरल्याशिवाय नको.

"राणी आली आहे आमच्या घरात," आत्या चटया विणणाऱ्या बायकांत म्हणाली. "राणीला पाणीसुद्धा शिजवून लागतं."

बायका हसल्या. मीही हसले, कारण वाक्य चांगलं होतं.

"आणि खाते कशी? चुलीपाशी उभी राहून, उपाशी माणसासारखी. पाहुण्यासारखी चटईवर बसून खाईल तर शपथ. गावाला वाटेल मी तिला जेवायला घालत नाही."

खरं दुखणं ते होतं.

लाफाएलेची मधल्यामध्ये पार कोंडी झाली. एका संध्याकाळी तो तिला समजावताना मी ऐकलं. मी मागे टारो सोलत होते आणि ते दोघं पायरीवर बसले होते.

"एक घास घे, पेले. जिभेला लावल्यासारखं कर. तिने मला वाढवलंय."

"मला माहीत आहे."

"मग? ती सकाळपासून बोलली नाहीये माझ्याशी."

वहिनीने बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. मग म्हणाली, "मी बस चालवते, लाफाएले. मागे भरून माणसं बसलेली असतात. लाल दिवा असताना एखादा म्हणतो, जा की बाई, कोण बघतंय, मला उशीर होतोय. चांगला माणूस असतो, त्याला खरंच उशीर होत असतो. तरी मी जात नाही."

"ही माझी आत्या आहे, लाल दिवा नाही."

"हो. म्हणून तर रडू येतं," ती म्हणाली. पण रडली नाही.

शुक्रवारी आत्या आणि मी स्वयंपाकाच्या छपराखाली होतो. आत्या कोकोच्या बिया कुटत होती. वहिनी आली, बाटली बाजूला ठेवली आणि मातीत मांडी घालून बसली. पाचव्या महिन्यातल्या बाईला ते सोपं नव्हतं. आत्याने वर पाहिलं नाही.

"आत्या, मला तुमच्याशी बोलायचंय," वहिनी म्हणाली. सगळे शब्द नीट, आदराचे आले. रस्ताभर घोकत आली असणार. "लाफाएलेने तुम्हाला काय सांगितलं होतं? मागच्या खेपेचं?"

"दिवस गेले होते, पण टिकलं नाही. एवढंच."

"सातवा महिना होता."

आत्याचा हात थांबला.

"मला ताप आला. दोन दिवसांत उतरला. मी कामावरही गेले. मग एका सकाळी लक्षात आलं की पोटात सगळं शांत आहे." वहिनीचे शब्द आता घसरायला लागले होते, आदराचे आणि घरगुती एकमेकांत मिसळत होते. "मुलगी होती. केस होते तिला, खूप. डॉक्टरांना माझ्या रक्तात एक जंतू सापडला. म्हणे तो गार खाण्यात बसून राहतो, फ्रीजमध्येही मरत नाही, कच्च्यात, काल कापून ठेवलेल्यात. दुसऱ्या कुणाला काही होत नाही, पण पोटातल्याला पुरतं. त्याआधी आम्ही एका लग्नात जेवलो होतो, एकदा मैत्रिणीकडे, आणि मी डब्यात गार मांस नेत होते. कुठल्या घासातून आला ते कुणालाच सांगता आलं नाही. मी फार विचारलं. कुठला घास ते कळलं असतं तर मी तेवढाच सोडला असता. कळलं नाही, म्हणून सगळे सोडलेत."

बाहेर कोंबड्या काहीतरी टोचत होत्या. आत्या उखळीत बघत होती.

"मला तुझ्या हातचं खायचंय," वहिनी म्हणाली. "पोटभर खायचंय. तू दिलेलं नको असं नाहीये. फक्त उकळतं हवं, वाफ येत असलेलं. तू ओरड मला, गावात काहीही सांग. पण बाळ होईपर्यंत मी ऐकणार नाही."

मला वाटलं आता आत्या तिचा हात धरेल. तसं काही झालं नाही. आत्याने कुटलेला कोको खरवडून पानावर काढला, लुगड्यासारखी गुंडाळलेली आपली लावालावा नीट केली आणि समुद्राच्या बाजूला निघून गेली. अंधार पडला तेव्हा परत आली आणि न जेवता झोपली.

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांच्या घरी जेवण होतं. निघताना आत्याने माझ्या हातात कापडात बांधलेलं मोठं पातेलं दिलं.

"सिएनी, हे त्यांच्या मागच्या चुलीवर ठेव. विस्तव जाऊ द्यायचा नाही."

"काय आहे?"

"ठेव म्हटलं ना."

पाद्रीबाबांकडे पांढऱ्या कपड्यांतली सगळी प्रतिष्ठित माणसं बसली होती. पाद्रीणबाई फुतूसा वयाने आत्याएवढीच, गोड बोलणारी आणि नकार न ऐकणारी. गावभर गेलेली गोष्ट तिच्याही कानावर आली होतीच. तिने स्वतः ओकाचा वाडगा उचलला, वर बर्फाचे खडे तरंगत होते, आणि वहिनीसमोर आणून धरला.

"आमच्या घरचा तरी घ्याल," ती म्हणाली. "ऑकलंडच्या पाहुण्या आहात."

सगळे बघायला लागले. लाफाएलेने मान खाली घातली. वहिनीने वाडगा दोन्ही हातांनी घेतला, कपाळापर्यंत उचलून मान दिला आणि खाली ठेवला.

"तुमचे उपकार आहेत," ती म्हणाली. आवाज लहान नव्हता. बसच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज आहे तिचा. "पण मी कच्चं आणि गार खात नाही. पोटात बाळ आहे, त्याला सोसणार नाही. रागावू नका."

पाद्रीणबाई हसली. "अगं, आम्ही सगळ्यांनी हेच खाल्लं. हेच खाऊन ढीगभर पोरं काढली. काय झालं आम्हाला?"

बायका माना डोलवून हसल्या. वहिनी लाल झाली, पण तिने वाडग्याला हात लावला नाही.

तेव्हा मासिना आत्या उठली. कुणाला काही न सांगता मागे गेली आणि दोन फडक्यांत धरून पातेलं घेऊन आली. वाटेतली माणसं पाय आखडून घ्यायला लागली. तिने ते वहिनीपुढे ठेवलं आणि झाकण काढलं. नारळाच्या दुधात शिजवलेला मासा, टारो, हिरवा पाला. अजून बुडबुडे येत होते. वाफ सरळ वर गेली.

"हिचं ताट माझ्याकडे असतं," आत्या म्हणाली. मग पाद्रीणबाईकडे वळली. "फुतूसा, तू म्हणालीस ते खरं आहे. आपण सगळ्यांनी हेच खाल्लं. आपली सगळी जगली का?"

मी त्या बायकांकडे पाहिलं. प्रत्येकीच्या घरामागे एखादी छोटी, पांढऱ्या दगडांची कड असलेली जागा आहे. कुणाच्या तर दोन. कशाने गेली ते कुणी कधी विचारलं नव्हतं. देवाने नेलं, एवढं पुरे होतं. पाद्रीणबाईचं हसू हळूहळू उतरलं आणि ती चटईच्या काठाकडे बघायला लागली. तिचीही एक होती.

"मी म्हणत नाही की माशाने गेली," आत्या आता हळू बोलत होती. "मला काय कळतं. पण आपल्याला निवड करायला मिळाली नव्हती. या पोरीला मिळाली आहे, आणि तिने केली आहे. परक्या घरात, माझ्यासारखीच्या तोंडासमोर. मला नसतं जमलं." आणि वहिनीला म्हणाली, "खा. बसून खा."

वहिनी बसून जेवली. पहिला घास तोंडात घातल्यावर तिला हुंदका आला, तो तिने गिळला आणि दुसरा घास घेतला. आत्या शेजारी बसून माशीसुद्धा फिरकू देत नव्हती.

मग एक हात पुढे आला. पाद्रीबाबांची सून एसेता, तिसऱ्या महिन्यातली, अजून कुणाला धड न सांगितलेली. तिने आपलं ताट पातेल्याजवळ सरकवलं. सासूकडे तिने बघितलं नाही. पाद्रीणबाईनेच क्षणभराने डाव उचलला, ढवळला, आणि सुनेला तळातला गरम भाग वाढला.

"मासिना," वरच्या बाजूने पाद्रीबाबा म्हणाले, "मला कोणताही महिना लागलेला नाही, पण उरलं तर इकडेही पाठव."

आता सगळेच हसले. पातेलं फिरत गेलं आणि रिकामं परत आलं.

उरलेले दिवस आत्याने वहिनीला चुलीपाशी उभं राहू दिलं नाही. उमू उघडायच्या आधी चटई अंथरून तिला बसवायची, आणि पानं तशीच धावत आणायची. गावातल्या बायकांनी थट्टा केली तर म्हणायची, "तुम्हाला थंड आवडतं तर थंड खा." वहिनी अजूनही अधूनमधून तिला 'तू' म्हणायची. आत्याने ते सुधारणं सोडून दिलं होतं.

जुलैत ऑकलंडला कडाक्याची थंडी होती. लाफाएलेने आम्हा दोघींना बोलावून घेतलं. आत्या आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली आणि उतरेपर्यंत तिने पट्टा सोडला नाही. आम्ही पोचलो त्याच्या तिसऱ्या दिवशी मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, गुटगुटीत. तिच्या रडण्याचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत आला तेव्हा लाफाएले भिंतीला टेकून खाली बसला. आत्या बसली नाही. रडणं थांबेपर्यंत ती उभीच होती.

घरी न्यायच्या दिवशी नर्सने बाळाची खुर्ची आणली. आत्याने ती लाफाएलेच्या हातात दिली.

"गाडीत बसवा तुमच्या खुर्चीत," ती म्हणाली. "गाडीपर्यंत माझ्याकडे."

तिने केसांत फूल खोवलं होतं, अंगावर लाफाएलेचा गुडघ्यापर्यंत येणारा कोट होता आणि पायांत चपला. बाळाला छातीशी धरून ती इस्पितळाच्या त्या लांबलचक वाटेच्या मधोमध चालायला लागली. मागे वहिनी माझा हात धरून, सावकाश. समोरून ढकलगाडी आणणारा माणूस बाजूला झाला. दोन डॉक्टर बोलत येत होते, तेही भिंतीला लागून थांबले. आत्याने कुणाकडे पाहिलं नाही. काचेचं दार आपोआप सरकलं, बाहेरची थंड हवा आत आली. तिने कोटाची एक बाजू बाळावर ओढून घेतली आणि पाऊल न थांबवता बाहेर पडली.