ठकीच्या जिभेखालचं विरजण

अगं, तू आधी नुसतं ऐक, मधे बोलू नकोस.

आपली नर्स मैत्रीण ट्रेनिंगला गेली तेव्हा ठकीला माझ्याकडे सोडून गेली ना, ठकी म्हणजे तिची मांजर, तेव्हा सोबत एक दह्याची वाटीही दिली होती. साधं दही नाही गं. तिच्या पणजीपासूनचं विरजण. रोज दही खायचं, शेवटचा चमचा ठेवायचा, त्यानेच पुढचं लावायचं. तिची आई गेल्यापासून तिच्या घरात आईच्या हातचं म्हणून तेवढंच उरलंय. मला फक्त म्हणाली, "संपवू नकोस हं." आणि त्यांच्याकडची रीत सांगितली, पहिला चमचा मांजरीला.

मी जिवापाड जपलं. आणि मग आपला तो खादाड मित्र, भस्म्या, आला. गप्पा कोणाच्या घराण्यात काय चालत आलंय यावर. त्याच्याकडे म्हणे टक्कल आणि घोरणं, बाकी सगळं काकाने लाटलं. मी हसता हसता वाटी पुढे केली, एक चमचा चाखून बघ म्हटलं. तेवढ्यात माझ्या आईचा फोन आला. तुला माहितीये माझी आई, मी काय खाल्लं इथपासून सुरुवात. परत येते तर याने पावाने वाटी पुसून वर ठकीपुढे ठेवलेली, आणि ठकी चाटतेय. मला म्हणतो, "अगं, पहिला चमचा राहिला होता ना तिचा, म्हणून शेवटचा दिला."

मी धावतच गेले. वाटी हिसकावली. काठाच्या आत एका बाजूला पुसटसा पांढरा पट्टा राहिला होता. ठकीची जीभ तिथे पोचली होती की नाही, देव जाणे. तो बोटाने खरवडून कोमट दुधात घातला. शिवाय भस्म्याला पिटाळून दुकानातलं दही आणवलं आणि त्याचंही तशाच दुसऱ्या वाटीत लावलं. सकाळी दोन्ही छान लागलेली, बघून कुठलं कोणतं ते काही म्हणजे काही कळेना. दोन्ही ठकीपुढे धरली. एक हुंगून तिने पंजा झटकला आणि माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच चोर. दुसरं मात्र मिटक्या मारत खाल्लं.

म्हणजे खरं कुठलं ते कळलं, पण तेच उष्टं असेल तर?

दुपारी ट्रेनिंग संपवून नर्स दारात. मी दोन्ही वाट्या फ्रीजमध्ये ढकलल्या, आणि तिने दही मागितल्यावर हात आपोआप ठकीवाल्या वाटीकडेच गेला. तिने आधी ठकीला दिलं, मग स्वतः खाल्लं. भस्म्या सोफ्यावर उशी तोंडाशी धरून बसलेला. ती बराच वेळ चमचा चाटत राहिली, मग म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, अजून थोडं आंबट हवं." आणि डोळे पुसले.

अशा वेळी कसं सांगायचं, सांग ना.

पण खरी पंचाईत पुढेच आहे. तिला वाटलं, एकाच वाटीवर सगळं ठेवणं बरं नाही, उद्या काही झालं तर आईचं म्हणून काहीच उरणार नाही. म्हणून तिने जवळच्या सगळ्यांना एकेक चमचा वाटला. काल तुझ्याकडे छोटी बरणी ठेवून गेली ना, तेच. तू लावलंस का? खाल्लंस?

अशी बघू नकोस गं. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?