कोंडबंदरचा दिवा

माझं लग्न महिन्यावर आलं होतं आणि भाऊ यायचं नाव घेत नव्हता. म्हणून १९७१ च्या माघात बा स्वतः त्याला आणायला निघाला. मी हट्ट धरून सोबत गेले. मला समुद्र बघायचा होता, हेही खरं.

आम्ही नागपूरचे, अंबाझरीच्या तलावावर मासे धरणारे ढीवर. बाचं नाव चंपतराव, पण त्यातला राव काय तो माझ्या लग्नपत्रिकेतच छापला गेला. थोरला भाऊ गिरिधर जाळं सोडून पळाला आणि पार कोकणात, कोंडबंदर नावाच्या मच्छीमारांच्या गावी, दीपगृहाचा दिवा सांभाळायच्या नोकरीला लागला. तेव्हापासून त्याचं नाव निघालं की बा ताटावरून उठायचा. "दिवा लावाले पगारी माणूस लागते काय? आपल्या घरी त्याची माय फुकट लावते," म्हणायचा. पण पोरीच्या लग्नात भाऊच उभा नाही म्हणजे चारचौघांत नाक कापलं जाणार. आईनं, अंजनाबाईनं, रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे बा नरमला.

"रडू नको वं," तो तिला म्हणाला. "पोराले घेऊनच येतो. शनिवारच्या गाडीले स्टेशनवर ये."

दीपगृह म्हणजे मला वाटलं होतं, काहीतरी आभाळाला टेकलेलं असेल. निघालं ते चुन्यानं रंगवलेलं बुटकं बांधकाम, किनाऱ्यापासून आत, समुद्रातल्या खडकावर. वर काचेची खोली आणि तिच्यात रॉकेलचा मोठा दिवा. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक होते. ते चुकवून संध्याकाळी होड्या आत आणायच्या, तर हा दिवा दिसावाच लागे.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि दीपगृहापर्यंत खडकांची वाट उघडी पडली होती. किनाऱ्यावर मासळी वाळत घालणारी एक बाई, यमुताई, बाला म्हणाली, "आजोबा, आता जाव नका. भरती लागतली. वाट बुडता."

बा हसला. "पाऊस नाही, आभाळ नाही, तं पाणी येईन कोठून, बाई? माही जिनगानी पाण्यात गेली."

माझी चप्पल तुटली होती आणि खडकांवर धारदार शिंपल्यांची कालवं चिकटलेली होती. त्यानं मला यमुताईजवळ बसवलं आणि एकटाच गेला.

गिरिधर खाली आलेला मला लांबून दिसला. तो बाच्या पाया पडला. बा आधी ताठच उभा राहिला, मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात बराच वेळ काढलाच नाही. मला रडू आलं. इतका आनंद मला माझं लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता. दोघं पायरीवर बसून बोलत राहिले.

काय बोलणं झालं ते गिरिधरनं नंतर सांगितलं. तो यायला तयार झाला होता. सकाळी बदली माणूस आला की निघायचं ठरलं. आता पाणी चढलंय, रात्री इथंच झोपा, असं त्यानं विनवलं. पण बा म्हणाला, "पोरगी काठावर एकटी हाये. अन् तू मले पाणी शिकवून राहिला काय गा?"

बा परत निघाला तेव्हा वाट गुडघाभर पाण्यात गेली होती. अर्ध्यावर आला आणि त्याचा पाय चुकला. आमच्याकडे तलावात पाय चुकला की जागच्या जागी उभं राहायचं. हलायचं नाही. ढवळलेला गाळ बसतो, पाणी निवळतं, तळ दिसतो, मगच पाऊल टाकायचं. पोहण्याच्या आधी त्यानं आम्हा दोघांना हेच शिकवलं होतं.

बा उभा राहिला.

"थांबू नको, बा, चाल," मी बेंबीच्या देठापासून ओरडले. त्यानं हात वर करून मला धीर धरायला सांगितलं. पाणी कमरेला लागलं तरी तो तसाच उभा. समुद्र निवळायची वाट बघत होता माझा बा.

"थांबलो कित्याक तो?" यमुताईनं मला हलवून विचारलं. किनाऱ्यावरच्या बाया दोर घेऊन धावल्या, पण गावातल्या सगळ्या होड्या बाहेर गेलेल्या. एक लाट आली, फार मोठीही नव्हती. ती गेली तेव्हा बा तिथं नव्हता.

गिरिधरनं पायरीवरून उडी टाकली. बुडी मारायचा, वर यायचा, पुन्हा बुडी मारायचा. सूर्य गेला. आतापर्यंत बासाठी हंबरडा फोडणाऱ्या बाया आता दुसरंच ओरडू लागल्या. "गिरिधर, दिवो लाव!" त्यांचे नवरे, त्यांची पोरं बाहेर होती. यमुताईचे दोन्ही मुलगे बाहेर होते. ती मला उराशी धरून रडत होती आणि तीही दिव्यासाठीच ओरडत होती. मी एकटी ओरडत होते, "वर जाऊ नको, दादा, शोध."

गिरिधर खडकाला धरून थांबला. एकदा आमच्याकडे पाहिलं आणि वर चढला.

दिवा लागला. मी त्या दिव्याला तोंडाला येईल त्या शिव्या दिल्या. त्याच्या उजेडात एकेक करून सगळ्या होड्या सुखरूप आत आल्या. त्या माणसांनी मग रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस पाणी धुंडाळलं. बा सापडला नाही.

"घरी चाल," मी गिरिधरला म्हणाले.

"बा पाण्यात होता अन् मी वर गेलो," तो म्हणाला. "मायले काय तोंड दाखवू?"

तू बरोबर केलंस, असं त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, असं लोक सांगतात. मला ते आजही वाटत नाही, मग म्हणू कशी? तो दीपगृहातच राहिला.

तार करायचा धीर मला झाला नाही. शनिवारी नागपूर स्टेशनवर मी उतरले, तेव्हा आई नवं लुगडं नेसून उभी होती. तिनं मला बाजूला सारलं आणि डब्यात डोकावून पाहिलं. उतरणारी माणसं संपली.

"ते दोघं मागच्या डब्यात हायेत काय वं?" तिनं विचारलं, आणि माझं उत्तर यायच्या आत मागच्या डब्याकडे चालू लागली.