नाव नसलेली दोन बटनं

मी अर्ज बोलतोय. कागदाचा नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचा. एका रुग्णालयात नोकरी हवी असेल तर मलाच भरावं लागतं. नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव... तेच ते विचारून जीव मेटाकुटीला आलाय.

मला ज्याने घडवलं तो हुशार होता, पण कायम घाईत. माझ्या शेवटी त्याने दोन बटनं बसवली. हिरव्यावर बरोबरची खूण, लालवर फुली. शब्द एकही नाही. म्हणे, खुणा सगळ्यांना कळतात! माझ्या आतल्या आज्ञांत लाल बटन त्याने आधी लिहिलं होतं. रुग्णालयाच्या साहेबांना हिरवं डावीकडे हवं होतं, म्हणून दिसण्यापुरती जागा बदलली. आतला क्रम तसाच राहिला, आणि कळफलक त्याच क्रमाने चालतो. माउसने दोनदा टिचकी मारून त्याने मला पास केलं. पुढे तीन जणांनी मला सांभाळलं. प्रत्येकाने रंगरंगोटी केली, आत कोणी डोकावलं नाही.

परवा, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, एक बाई आल्या. फिजिओथेरपिस्ट, बारा वर्षांचा अनुभव, जन्मापासून दृष्टी नाही. त्यांचा संगणक माझा मजकूर मोठ्याने वाचायचा आणि त्या कळफलकावर उत्तरं लिहायच्या. त्यांचा जुना दवाखाना बंद पडला होता. ही नोकरी त्यांना हवीच होती. माझी पाच पानं त्यांनी दोन तास खपून भरली, चूक एकही नाही. शेवटी संगणक म्हणाला, "बटन." त्यांनी पुढे जायची कळ दाबली. "बटन."

त्यांनी चौकशीचा फोन लावला. तिथल्या कारकुनासमोरही मीच उघडा होतो.

"अहो, शेवटी दोन बटनं आहेत. अर्ज पाठवायचं कुठलं?"

"हिरवं दाबा ना."

"मला दिसत नाही हो. पहिलं की दुसरं?"

"असं होय! थांबा... डावीकडून पहिलं. नक्की."

कारकून भला माणूस. त्याला जे दिसलं तेच त्याने सांगितलं. बाईंनी कळफलकावरून पहिलं बटन दाबलं. आतल्या क्रमात ते लाल होतं. सगळं पुसलं गेलं.

"गेला का अर्ज?"

"नाही. सगळं कोरं झालं."

"अरेरे! घरात कोणी डोळस नाही का?"

"नवरा सहाला येतो. अर्ज पाचला बंद होतो."

त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा नावापासून सुरुवात केली. पाच वाजले तेव्हा त्या चौथ्या पानावर होत्या. मला ठरल्या वेळी मिटावंच लागतं. मी मिटलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मग त्यांनी तक्रार करायचं ठरवलं. तक्रारीचा अर्ज म्हणजे माझा धाकटा भाऊ, त्याच हातचा. शेवटी तेच, "बटन. बटन." त्याचा क्रम मात्र सरळ होता, आतही हिरवं पहिलं. पण माझ्याकडून धडा घेतलेल्या बाईंनी या वेळी दुसरं दाबलं. तक्रारही पुसली गेली.

आज बैठकीत साहेब खुशीत होते. "एकही तक्रार नाही. पुढच्या भरतीलाही हाच अर्ज ठेवा. फक्त रंग जरा बदला."

मी थकलोय हो. मला रंग नको. त्या दोन बटनांना नावं द्या, त्यांचा क्रम नीट लावा, आणि माउस बाजूला ठेवून, पडदा झाकून, एकदा मला शेवटपर्यंत भरून बघा. एवढंही होत नसेल, तर पुढच्या भरतीला मला उघडू नका.